मूल एखाद्या पंथाच्या नादी लागून घर सोडून गेलं तर
आधी पोलिसात मिसिंगची तक्रार द्या, २४ तास थांबायचं वगैरे काही नसतं, आणि मूल १८ च्या आत असेल तर ते ठळक सांगा. मग त्याचा लॅपटॉप, चॅट, बँकेचे व्यवहार, जुने मित्र, जे हाताला लागेल ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा. पंथ सोडून आलेली माणसं शोधा, आतली खरी माहिती त्यांच्याकडेच मिळते.
फोन आलाच तर गुरूला शिव्या घालू नका (जीभ चावा हवं तर!), नाहीतर "घरचे शत्रू आहेत" हे पंथवाल्यांचं म्हणणंच खरं ठरतं, फक्त जेवलास का, तब्येत कशी आहे एवढंच विचारा. उचलून आणायचा विचार तर सोडाच, १९७० च्या दशकात अमेरिकेत पालकांनी माणसं लावून तेही केलं, प्रकरणं कोर्टात गेली. आणि तुमचा नंबर बदलू नका.