भरतीच्या फॉर्मवर फक्त पुरुष-स्त्री एवढंच दिसतंय? मग सबमिट करायच्या आधी हे वाचा

ट्रान्सजेंडर ओळख मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल काय, ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा काय, टीजी कार्डासाठी (ट्रान्सजेंडर ओळखपत्रासाठी) अर्ज कुठे करायचा, हे इथे सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला माहीत आहे असं धरते. हक्क आपल्या सगळ्यांना पाठ असतात. अडतं ते पुढे, म्हणजे कधी जायचं, कुठे जायचं आणि हातात कुठला कागद घेऊन जायचं. मी सध्या एका वकिलांकडे काम करते, टायपिंग, फायलिंग, झेरॉक्स, पडेल ते. माझी स्वतःची केसही चालू आहे, बोर्डावर येते आणि पुढची तारीख घेऊन परत जाते.

तर मी स्वतः ज्या खड्ड्यात पडले तो असा. ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला की लिंग हा रकाना येतो, त्यात दोनच पर्याय, आणि एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. शेवटची तारीख जवळ, सायबर कॅफेवाला म्हणतो मॅडम काहीतरी टाका, नंतर बघू. दहावीच्या मार्कशीटवर जे आहे ते मी टाकलं, पुरुष. लेखी झाली, मार्क आले, यादीत नाव आलं आणि कागदपत्र पडताळणीला टेबलापलीकडचा माणूस एकदा फॉर्मकडे, एकदा माझ्याकडे बघत बसला. मग "वर विचारतो" म्हणून जे गेला ते गेलाच. केस केल्यावर समोरच्यांचं प्रतिज्ञापत्र आलं, त्यात पहिलाच मुद्दा हा की अर्जदाराने स्वतःच आपण पुरुष असल्याचं लिहून दिलंय, प्रक्रियेत विनातक्रार भाग घेतलाय, आता तक्रार कसली?

हे नीट समजून घ्या, मी ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकीला हेच सांगते आणि तरी दर भरतीला कुणीतरी यातच अडकतं. कोर्टात एक जुनं तत्त्व चालतं, की निवड प्रक्रियेत गुमान भाग घेतला आणि निकाल विरोधात गेल्यावर प्रक्रियेवरच बोट ठेवलं तर ऐकून घेत नाहीत. म्हणजे ज्या फॉर्मने तुमच्यावर अन्याय केला तोच फॉर्म समोरचा वकील तुमच्या सहीचा पुरावा म्हणून दाखवतो. तुमच्या मनात विरोध होता, मैत्रिणीला तुम्ही फोनवर रडून सांगितलं होतं, याला फाइलमध्ये किंमत शून्य. विरोध लेखी पाहिजे आणि तारखेचा पाहिजे, आणि ती तारीख निकालाच्या आधीची पाहिजे, जमलं तर फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्याही आधीची.

म्हणून फॉर्म उघडला की आधी तो रकाना आणि पुढे न जाण्याचा मेसेज दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. मग हेल्पडेस्कला ईमेल. मग साध्या मराठीत एक पानी निवेदन, की मी ट्रान्सजेंडर व्यक्ती आहे, फॉर्मवर माझ्यासाठी पर्याय नाही, तो द्या नाहीतर माझा अर्ज ऑफलाइन घ्या. सोबत टीजी सर्टिफिकेटची झेरॉक्स. हे निवेदन स्वतः नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "ठेवून जा, साहेब बघतील" म्हणाले तर तिथून उठून सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा, पावती जपा. एवढं करूनही उत्तर नाही आलं आणि तारीख संपत आली तर कोर्टात जाऊन अंतरिम आदेश (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) मागता येतो, आणि तेही जमत नसेल तर फॉर्म भरा पण त्याच दिवशी दुसरं निवेदन द्या की दुसरा पर्याय नसल्याने नाइलाजाने, हरकत नोंदवून हे भरलंय.

वेळेत गेलं की काय होतं ते आपल्याच राज्यात दिसलंय. २०२२ च्या पोलीस शिपाई भरतीत दोनच रकाने होते. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल भरती चालू असतानाच मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, राज्याच्या सरकारी नोकरीच्या केसेस जिथे चालतात ते) गेल्या, मॅटने तिसरा पर्याय द्या म्हणून सांगितलं, सरकार त्याविरुद्ध हायकोर्टात गेलं आणि तिथे उलटंच झालं, नियम करणार नसाल तर भरतीच थांबवू अशी तंबी मिळाली. डिसेंबरमध्ये सरकारने पर्याय द्यायचं आणि फेब्रुवारी २०२३ अखेर शारीरिक चाचणीचे नियम करायचं कबूल केलं. तमिळनाडूत प्रितिका याशिनी यांनी सब-इन्स्पेक्टरच्या भरतीत हेच केलं, निकालाची वाट न बघता टप्प्याटप्प्याला मद्रास हायकोर्टात जात राहिल्या, नोव्हेंबर २०१५ मध्ये निकाल बाजूने लागला.

आणि आधीच पुरुष टाकून बसली असाल तर लगेच सगळं संपलं असं नाही हां. मीता सहाय प्रकरणात २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की उमेदवार भाग घेऊन प्रक्रिया मान्य करतो, त्यातला बेकायदेशीरपणा नाही. ती केस ट्रान्सजेंडर उमेदवाराची नाही, पण माझ्या फायलीत सध्या तोच आधार आहे. फक्त चढ आहे, वेळ जातो, आणि तेवढ्यात जागा भरून जाते.

आता दार कुठलं. पोलीस, तलाठी असल्या राज्य सरकारच्या पदांना मॅट, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. आदेशापासून साधारण वर्षभराची मुदत असते, पण भरतीत वर्ष कुणी थांबतं का? केंद्राच्या नोकरीला कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. सरकारी कंपनी मात्र वेगळी गोष्ट, तिला हायकोर्ट; महापारेषण या राज्याच्या वीज कंपनीच्या २०२२ च्या जाहिरातीविरुद्ध विनायक काशीद हायकोर्टात गेले ते त्यामुळेच. चुकीच्या दारात केस टाकली तर महिन्यांनी कळतं की इथे चालणारच नाही. (आरक्षणाचं विचाराल तर कर्नाटकने २०२१ मध्ये सरकारी भरतीत १ टक्का समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण दिलं, आपल्याकडे विचारलं की अवघड आहे म्हणतात.)

खासगी कंपनीचं जास्त चिकट आहे. तिथे नकार कधीच लिहून येत नाही, "पोझिशन क्लोज झाली" एवढंच येतं, आणि आठवड्याने तीच जाहिरात परत दिसते. तिचाही स्क्रीनशॉट घ्या. २०१९ च्या कायद्याचं कलम ९ भरतीतला भेदभाव सरळ मना करतं, कलम ११ म्हणतं तक्रार अधिकारी नेमा, तर एचआरला ईमेल करून त्या अधिकाऱ्याचं नाव मागा. उत्तर नाही आलं तरी तो ईमेल कामाचा. पण पोलीस स्टेशनला धावू नका, कारण कलम १८ मध्ये जे गुन्हे आहेत त्यात नोकरी नाकारणं नाहीच, तिथे दिवसभर बाकावर बसवून ठेवतील आणि वर नको ते प्रश्न विचारतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये जेन कौशिक यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई दिली, त्या शिक्षिका, खासगी शाळांनी ओळख कळल्यावर दूर केलेल्या. निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली कमिटीही नेमली. म्हणजे खासगीवाले मोकळे सुटतात हे आता तितकंसं खरं नाही, आणि तुमच्या वकिलाने हा निकाल वाचला नसेल तर वकील बदला.

वकिलावरून आठवलं. मोठ्या नावामागे जाऊ नका, ते पहिल्या तारखेला येतात, फोटो होतो, नंतर ज्युनिअर पण येत नाही. तुमची फाइल वाचणारा नवखा परवडला. यूट्यूबवरचे तयार अर्जांचे नमुने तर मला बघवत नाहीत, एकीने त्यातला दुसऱ्याच विभागाचा पत्ता तसाच ठेवून निवेदन पाठवलं होतं. पत्रकार परिषद घेऊ म्हणणाऱ्या ताईंना आधी विचारा की माझं जुनं नाव छापून आलं तर कोण निस्तरणार. उलट माझ्या गुरूंना (आमच्या समाजात चेल्यांना सांभाळतात त्या) मॅट म्हणजे काय ते अजून धड सांगता येत नाही, पण झेरॉक्स आणि एसटीचे पैसे त्यांनीच दिले, आणि तारखेला बाहेर बाकावर बसायलाही त्याच येतात.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे अर्ज करा. मॅटमध्ये स्वतःची केस स्वतः मांडायलाही परवानगी आहे. पडताळणीला बोलावलं असेल तर जाताना नावबदलाचं राजपत्र, टीजी सर्टिफिकेट आणि शिक्क्याची निवेदनं तिन्हीच्या दोन-दोन प्रती न्या, आणि मूळ कागद कुणी मागितला तर दाखवा, देऊ नका.