कलेजी, कॅप्सूल आणि हाडं: 'अ' जीवनसत्त्वाचा हिशेब असा लावा

गुडघे-कंबर धरली की मेडिकलमधून मल्टीव्हिटॅमिनची पट्टी येते, कोणी कॉड लिव्हर ऑइलही सुचवतं, रविवारी कलेजी असतेच. या तिन्हींत तयार 'अ' जीवनसत्त्व, म्हणजे रेटिनॉल असतं. ते जास्त झालं तर हाड पोखरणाऱ्या पेशी जोर धरतात आणि 'ड' जीवनसत्त्वाचं काम अडतं. 1998 साली स्वीडनमध्ये केलेल्या अभ्यासात रोज 1,500 मायक्रोग्रॅमच्या वर रेटिनॉल घेणाऱ्या बायकांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तसं दिसलं नाही, पण साठीनंतर जोखीम का घ्यावी?

आधी पट्टी उलटी करा. 'रेटिनॉल', 'पाल्मिटेट' किंवा 'ॲसिटेट' लिहिलेल्या ओळीत आकडा आययूमध्ये (IU, जीवनसत्त्व मोजायचं एकक) असेल तर त्याला 0.3 ने गुणा, मायक्रोग्रॅम निघतील. बाईची रोजची गरज 840, पुरुषाची 1,000, आणि कमाल मर्यादा 3,000. 50,000 आययूची एक कॅप्सूल म्हणजे 15,000! डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती घेऊच नका. साधं फिश ऑइल वेगळं. कॉड लिव्हर ऑइल माशाच्या यकृताचं, त्यात 'अ' भरपूर.

मेंढीच्या 100 ग्रॅम शिजलेल्या कलेजीत सात हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास निघतं, कोंबडीच्या कलेजीत साधारण चार हजार. पोळ्याच्या करीला एक वाटी खाल्ल्यानं काही बिघडत नाही. पण 'अ' यकृतात साठत जातं, म्हणून हिशेब महिन्याचा धरा: कलेजी आठवड्यातून एकदाच, आणि ती खाणाऱ्यानं 'अ' असलेली गोळी बंद ठेवावी. गरोदर बाईनं दोन्ही टाळावं. बाळात व्यंग येऊ शकतं.

पालक, शेवग्याचा पाला, सांबार (कोथिंबीर), गाजर, पपई मात्र बिनधास्त खा. त्यातल्या कॅरोटीनचं 'अ' शरीर गरजेपुरतंच करतं. फार झालं तर तळहात पिवळे पडतील, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहील. तोही पिवळा दिसला तर ती कावीळ, दवाखाना गाठा. '+एफ' छापलेल्या, म्हणजे वरून 'अ' मिसळलेल्या तेलाचीही धास्ती नको. दिवसाला 30 ग्रॅम तेल पोटात गेलं तरी त्यातून 300 मायक्रोग्रॅमच्या वर मिळत नाही.

ओठ फुटणं, केस गळणं, सतत डोकं दुखणं आणि हाडं ठणकणं एकत्र सुरू झालं तर घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

हे वाचून लेकराचा सरकारी डोस मात्र चुकवू नका. नवव्या महिन्यात 1 लाख आययू, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख. घोळ होतो तो माहेरी एकदा आणि सासरी पुन्हा दिल्यानं. म्हणून डोस झाल्याबरोबर तारीख कार्डावर चढली का, ते सिस्टरसमोरच पाहून घ्या.