गॅमा स्पेक्ट्रम वाचताना या चुका टाळा: १८६ चं शिखर नक्की कोणाचं?

युरेनियमच्या खनिजाचा गॅमा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा किरण आले याचा आलेख, समोर आला की नजर आधी १८६ केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) शिखरावर जाते. तक्ता उघडला, रेडियम-२२६ दिसलं, वहीत नोंद झाली! सर्वांत मोठी फसगत इथेच होते. रेडियमचा किरण १८६.२ केईव्हीचा आणि युरेनियम-२३५ चा १८५.७ चा. चांगल्या जर्मेनियम डिटेक्टरलाही ही दोन शिखरं नीट वेगळी करता येत नाहीत. नैसर्गिक युरेनियमची क्षय-साखळी समतोलात असेल, म्हणजे तिच्यातलं प्रत्येक मूलद्रव्य जितकं तयार होतं तितकंच क्षय पावत असेल, तर त्या शिखरातला जेमतेम ५८ टक्के वाटा रेडियमचा असतो. सगळंच रेडियमच्या खात्यावर टाकलं की उत्तर पावणेदोन पटींच्या आसपास फुगतं. त्यात सीझियम-१३७ चा स्रोत जवळ विसरला असाल तर आसपासच्या वस्तूंवर आपटून परत फिरलेल्या त्याच्या किरणांचा पसरट उंचवटाही १८४ च्या आसपासच येतो.

मग रेडियम मोजायचं कसं? रेडियमच्या क्षयातून पुढे तयार होणाऱ्या शिसं-२१४ चं ३५२ आणि बिस्मथ-२१४ चं ६०९ केईव्हीचं शिखर वापरा. अट एकच: नमुन्याचा डबा हवाबंद हवा. रेडियम आणि या दोघांच्या मध्ये रेडॉन-२२२ बसलेला आहे. तो वायू आहे, सैल झाकणातून निघून जातो आणि पुढची सगळी शिखरं बुटकी होतात. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं, त्यामुळे डबा बंद करून तीन-चार आठवडे थांबावं लागतं. घाईत आठवड्याभरात मोजलेला नमुना मी तरी धरत नाही.

थोरियमच्या बाबतीत त्याच्या साखळीतलं थॅलियम-२०८ चुकवतं; त्याच्या शिखरावरून थोरियम मोजतात. त्याच साखळीतल्या बिस्मथ-२१२ चे फक्त ३६ टक्के अणू थॅलियमच्या वाटेने जातात. हा गुणक राहिला, तर थोरियम जवळपास तिपटीने कमी दिसतं. आणि १५९२ केईव्हीला अनोळखी शिखर दिसलं तर नवं समस्थानिक शोधत बसू नका, ते थॅलियमच्या २६१४ चं दुहेरी-निसट शिखर असतं: त्या किरणापासून बनलेल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीतून निघालेले ५११ केईव्हीचे दोन्ही किरण डिटेक्टरबाहेर निसटलेले असतात.

७५ आणि ८५ केईव्हीची शिखरं बऱ्याचदा डिटेक्टरभोवतीच्या कवचातल्या शिशाच्या क्ष-किरणांची असतात. रिकाम्या डब्याची पार्श्वभूमी नमुन्याइतकाच वेळ मोजली की ती ओळखू येतात.

नमुना डिटेक्टरला टेकवून ठेवला की मोज (नोंदले गेलेले किरण) भरपूर मिळतात, पण बिस्मथ-२१४ चे ६०९ आणि ११२० एकाच वेळी पोचून १७२९ म्हणून नोंदले जातात आणि दोन्ही शिखरं घटतात. सीझियमचा एकच किरण असल्याने त्याच्यावर केलेल्या कॅलिब्रेशनमध्ये (डिटेक्टर किती किरण पकडतो ते ठरवताना) हे नुकसान दिसतच नाही. नमुना दहा-पंधरा सेंटिमीटर मागे सरकवून पुन्हा मोजा. ६०९ वरचं उत्तर वाढलं, तर दोष याचाच.