ऑनलाइन कसिनोतले नवीन पत्त्यांचे गेम: बेट लावायच्या आधी दहा मिनिटांत कसं तपासायचं

लॉबी उघडली की ब्लॅकजॅक (२१ च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा गेम) आणि बॅकारातच्या (बँकर की प्लेयर, कुठली बाजू जिंकेल त्यावर बेट) शेजारी डझनभर नवीन टाइल्स दिसतात, ड्रॅगन टायगर, कसिनो वॉर, ब्लॅकजॅक स्विच, फ्री बेट, थ्री कार्ड पोकर, प्रत्येकावर चकचकीत बिल्ला, आणि मग प्रश्न पडतोच की यातलं काही खेळण्यासारखं आहे का. उत्तर आधीच देऊन टाकतो, पैसे कमवायला एकही नाही, कारण जुना गेम असो की नवा, हाउस एज सगळीकडे असतो, पण टाइमपास म्हणून दोन-चार बरे आहेत आणि काही सरळसरळ खिसा कापणारे आहेत. (तुमच्या भागात हे कायदेशीर आहे का ते आधी बघा, नसेल तर विषयच मिटला.)

हाउस एज म्हणजे काय ते एका ओळीत, १०० लावले तर लांब पल्ल्यात सरासरी किती कसिनोकडे राहतात तो आकडा. साधा ब्लॅकजॅक बेसिक स्ट्रॅटेजीने (कुठल्या हाताला काय करायचं याचा ठरलेला तक्ता) नीट खेळला तर हा साधारण अर्धा टक्का असतो, बॅकारातमध्ये बँकरवर १.०६ आणि प्लेयरवर १.२४. हे आकडे डोक्यात ठेवा, नवीन गेम यांच्याशीच ताडून बघायचाय.

आता मुख्य काम. नवीन गेममध्ये तुम्हाला काहीतरी जादा दिलेलं असतं आणि ते टाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्याच्या बदल्यात काहीतरी काढून घेतलेलं असतं, आणि ते हेल्पच्या पानावर पार खाली, पेटेबलच्या (कशाला किती पट मिळतात तो तक्ता) आसपास सापडतं. तर बेट लावायच्या आधी हेल्प उघडायचं आणि फक्त हे काढून घेतलेलं शोधायचं, बाकी नियम खेळता खेळता कळतात.

ब्लॅकजॅक स्विच घ्या. दोन हात मिळतात, दोन्हीवर सारखी बेट, आणि दुसरी पानं एकमेकांत बदलता येतात. एका हातात १०-६ आणि दुसऱ्यात ५-१० आले, म्हणजे १६ आणि १५, दोन्ही रद्दी, पण ६ आणि १० बदलले की एकीकडे २० आणि दुसरीकडे ११, कसली मजा! मी डेमोत असंच बदलून खूश झालो होतो, ११ वर डबल (बेट दुप्पट करून एकच पान घेणं) पण केलं, डीलरकडे १६, त्याने पान ओढलं तर ६ आलं, २२, मी म्हटलं गेला आता, आणि स्क्रीनवर शांतपणे पुश. तीच तर मेख आहे, डीलरचे २२ झाले की तो बस्ट (२१ च्या वर जाऊन बाद) होत नाही, बरोबरी धरतात, आणि वर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच २१) लागला तरी ३ला २ ऐवजी फक्त बेटइतकेच पैसे मिळतात. एवढं असूनही नीट खेळलात तर हाउस एज ०.६ टक्क्याच्या आसपास बसतो, म्हणून हा मला नवीन गेममधला त्यातल्या त्यात सभ्य गेम वाटतो. अट एकच, त्याचा वेगळा स्ट्रॅटेजी चार्ट बाजूला उघडून बसायचं, साध्या ब्लॅकजॅकच्या सवयी इथे महागात पडतात.

बाकीच्या भावंडांचं पण असंच. फ्री बेटमध्ये बरेच डबल आणि स्प्लिट (जोडीचे दोन वेगळे हात करणं) फुकट, किंमत तीच २२ वाली, एज साधारण १ टक्का. डबल एक्स्पोजरमध्ये डीलरची दोन्ही पानं उघडी दिसतात, ऐकायला स्वर्ग, पण बरोबरी झाली की बेट डीलरची (ब्लॅकजॅकची बरोबरी सोडून). स्पॅनिश २१ मध्ये प्रत्येक कॅटमधून चारही दश्श्या काढलेल्या असतात, ४८ पानांचा कॅट, आणि त्याची भरपाई म्हणून तुमचे २१ झाले की ते नेहमी जिंकतात आणि वर काही बोनस. आणि नावाने साधाच ब्लॅकजॅक असला तरी ब्लॅकजॅकला ३ला २ मिळतात की ६ला ५ ते बघाच, १० च्या बेटवर १५ ऐवजी १२ हातात येतात आणि या एका ओळीने एज जवळपास १.४ टक्क्याने वाढतो.

ड्रॅगन टायगरचं गणित मात्र तुम्ही स्वतःच करा, पाच मिनिटांचं आहे आणि एकदा केलं की या गेमकडे परत त्याच नजरेने बघवत नाही. दोन बाजूंना एकेक पान, मोठं पान जिंकलं, संपलं. आठ कॅट म्हणजे ४१६ पानं, ड्रॅगनला समजा सत्ती आली, उरली ४१५, त्यात सत्त्या ३१. म्हणजे टाय व्हायची शक्यता ३१ भागिले ४१५, साधारण ७.४७ टक्के. बहुतेक ठिकाणी टाय झाला की तुमची अर्धी बेट जाते, ७.४७ चं अर्धं ३.७३, हाच हाउस एज, लपवाछपवी काही नाही. आता टायवर बेट लावली तर ८ पट मिळतात, पण खरा भाव १२ पटीच्या वर पाहिजे, त्यामुळे तिथला एज जातो जवळपास ३३ टक्क्यांवर! १०० लावले की सरासरी ३३ गेले. कसिनो वॉर असाच मोठ्या पानाचा गेम, त्यात सहा कॅट आणि टायला १० पट, तिथे पण हीच पद्धत लावून बघा, १८.६५ टक्के येईल.

आणि ते लाल-पिवळ्या गोलांचे तक्ते, मागच्या पन्नास राऊंडमध्ये कोण जिंकलं ते दाखवणारे, ते बघून पुढचं सांगणारे लोक चॅटमध्ये ढिगाने असतात, सोडून द्या, सलग सहा वेळा ड्रॅगन आला म्हणून सातव्या वेळी टायगरचं काही देणं लागत नाही.

थ्री कार्ड पोकर १९९० च्या दशकातला आहे, म्हणजे फार नवीन पण नाही. यात मुख्य बेटची स्ट्रॅटेजी एका ओळीची, हातात राणी-६-४ किंवा त्याहून भारी असेल तर पुढे जा, नाहीतर फोल्ड (पानं टाकून द्या), असं खेळलं की नेहमीच्या पेटेबलवर अँटेचा (म्हणजे या मुख्य बेटचा) एज ३.३७ टक्के. पण शेजारची पेअर प्लस बघा, ही साइड बेट, म्हणजे मुख्य बेटच्या जोडीला लावायची वेगळी बेट. फ्लशला (तिन्ही पानं एकाच चिन्हाची, जसं तिन्ही बदाम) ४ पट देणारं एक पेटेबल आहे त्यात एज २.३२, आणि बाकी सगळं तसंच ठेवून फ्लशला ३ पट केलं की थेट ७.२८. एकच आकडा बदलला, स्क्रीन तीच, गाणं तेच. साइड बेट कुठलीही असो, पेटेबल न वाचता हात लावू नका, आणि ब्लॅकजॅकमधला इन्शुरन्स (डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावरची बेट) पण शेवटी साइड बेटच आहे, सहा-आठ कॅटला ७ टक्क्यांच्या पुढे.

मल्टिप्लायरवाले लाइव्ह गेम पण आलेत, विजा चमकतात आणि काही पानांवर पटी लागतात, ते पैसे वरून पडत नाहीत, लाइटनिंग बॅकारातमध्ये प्रत्येक बेटवर २० टक्के जादा फी कापतात त्यातून येतात. एरवी थोडं थोडं जास्त जात राहतं आणि क्वचित मोठं येतं, तसं आवडत असेल तर आवडतं बुवा.

एज एवढाच बघून चालत नाही, वेग पण धरायचा. १० ची बेट, ब्लॅकजॅकचे तासाला ६० हात, म्हणजे ६०० फिरले, अर्ध्या टक्क्याने ३ गेले. ड्रॅगन टायगर मिनिटाला दोन राऊंड धरले तरी तासाला १२०, म्हणजे १२०० फिरले, ३.७३ टक्क्यांनी जवळपास ४५. बेट तीच, खर्च पंधरापट. फोनवर डीलर नसलेल्या गेममध्ये तर रीबेट (तीच बेट परत) दाबत सुटलं की यापेक्षा कितीतरी जोरात जातं, त्यामुळे टर्बो आणि ऑटो पहिल्यांदा बंद करा.

बोनसच्या नादाने नवीन गेम उघडत असाल तर अटींमध्ये पत्त्यांच्या गेमचं योगदान, म्हणजे तिथल्या बेटचा अटीत धरला जाणारा भाग, किती टक्के मोजतात ते शोधा, बऱ्याच ठिकाणी १० टक्के नाहीतर शून्य असतं. १०० चा बोनस, पैसे काढायच्या आधी ३० वेळा बेट लावून फिरवायची अट म्हणजे ३०००, योगदान १० टक्के असेल तर प्रत्यक्षात ३०,००० फिरवायला लागतात, आणि ड्रॅगन टायगरवर तेवढे फिरवले तर सरासरी ११०० च्या वर जातात, १०० च्या बोनससाठी!

मी काय करतो ते सांगतो. आधी डेमो, पन्नासेक हात, तोपर्यंत कंटाळा आला तर विषय संपला, आणि खरं सांगायचं तर बहुतेक नवीन गेमचा येतोच. नाही आला तर एका संध्याकाळचे म्हणून बाजूला काढलेले पैसे, सगळ्यात छोटी बेट, साइड बेटचे रकाने रिकामे, आणि ते संपले की टॅब बंद, त्या दिवशी परत डिपॉझिट नाही. स्विच असा अधूनमधून खेळतो. ड्रॅगन टायगर घरी कॅट पिसून भाच्याबरोबर खेळतो, तिथे टायला आम्ही दोघं फक्त परत पान उचलतो.