खालसा न झालेल्या साताऱ्याचं पुस्तक कसं बनवावं

काल्पनिक इतिहासातलं, पण जुनं भासणारं पुस्तक हातानं बनवायचं असेल, तर खऱ्या इतिहासात बदल एकच ठेवा. १८४८ मध्ये डलहौसीच्या सरकारनं दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला; आपल्या काल्पनिक इतिहासात तो मंजूर झाला, एवढंच. सोबत पेशवाईही वाचवायला गेलात की सगळंच कोसळतं.

विषय रुक्षच बरा. पराक्रमाच्या बखरीपेक्षा ‘सातारा दरबारचे जकातीचे नियम, शके १७९५’ जास्त खरं वाटतं. शकात ७८ मिळवा, म्हणजे १८७३. जानेवारी ते गुढीपाडवा मात्र ७९. किंमत आण्यांत लिहा, कारण नवे पैसे १९५७ चे.

खरी फजिती शुद्धलेखनात होते. १९६२ च्या नियमांआधीचे अनुस्वार हवेत: ‘येथें’, ‘त्यानें’, ‘पुस्तकें’. पण दिसेल तिथं टिंब देऊ नका. ‘घोडे’ पुल्लिंगी, त्यावर टिंब नाही.

चार ए-फोर कागद मधोमध दुमडले की १६ पानं. आधी लेझर छपाई किंवा झेरॉक्स, मग कागद जुनाट दिसावा म्हणून चहाचा रंग. इंकजेटची शाई पाण्यात फुटते आणि आधी रंगवलेला सुरकुतलेला कागद मशीनमध्ये अडकतो. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे चहापूड पाच मिनिटं उकळा, गाळा, पूर्ण गार करा. कागद मिनिटभर बुडवून सावलीत सपाट वाळवा. घडीवर तीन भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवा, सुरुवात मधल्या भोकातून.

शेवटच्या पानावर ‘काल्पनिक’ आणि खरं साल टाका. जुन्या बाजारात अशी पानं कुठंही पोचतात आणि खरी समजली जाऊ शकतात.