नाईट शिफ्ट, ओटी आणि न उतरणारा थकवा: कंपनीत नवीन लागणाऱ्या पोरांसाठी

आयटीआय झालं की आमच्या गावची पोरं मला विचारतात, भाऊ एमआयडीसीत पगार किती पडतो, ओटी म्हणजे ओव्हरटाईम मिळतो का. झोप किती मिळते हे आजपर्यंत एकानेही विचारलं नाही. मी पण लागताना नव्हतं विचारलं, आणि त्याचे पैसे नंतर शरीराने व्याजासकट वसूल केले.

मी नशिराबादचा, फिटर ट्रेड, जळगावला चटईच्या कंपनीत 9 वर्षं झाली. आमच्याकडे चटईचे कारखाने भरपूर, डाळ मिल आहेत, पाईपवाले आहेत. चटईचं काम बाहेरून बघायला एकदम सोपं दिसतं, प्लास्टिकचा दाणा वितळतो, त्याचे बारीक दोर निघतात, बॉबिनवर गुंडाळतात न लूमवर, म्हणजे विणायच्या मशीनवर, चटई विणली जाते. वजन उचलायचं काम फार नाही. मग थकायला होतं कशाने? तर लक्ष ठेवून. तीन-चार लूम एकट्याकडे, कुठे दोर तुटला की पळत जायचं, गाठ मारायची, तोपर्यंत पलीकडचं बंद पडलेलं असतं. आवाज इतका की हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, आणि असं ओरडावं लागत असेल तर समजायचं की हा आवाज कान खातोय. घरी आल्यावरही तासभर डोक्यात खटखट चालू राहते, बायको काय बोलतेय ते अर्धं कळतच नाही न मग उगाच भांडण. इअर प्लग मिळत असतील तर घाला, लाजू नका, जुने लोक हसतील, त्यातले निम्मे बहिरे झालेत.

खरी परीक्षा पहाटे 4 ला. त्या वेळी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, डोळे उघडे असतात पण डोकं झोपलेलं. मी एकदा तुटलेला दोर हातात धरून तसाच उभा होतो, किती वेळ ते मलाच माहीत नाही, शेजारच्याने खांद्याला हलवलं तेव्हा शुद्धीवर आलो. तिथे लूम होतं म्हणून निभावलं. सकाळी सुटून हायवेने घरी येताना मात्र गाडीवरच डोळा लागला, मोटारसायकल पुलाच्या कठड्याला घासत गेली, गुडघा सोलला, फुटरेस्ट वाकला. मागून ट्रक नव्हता एवढंच नशीब. त्या आठवड्यात मी सलग सहा नाईट आणि वरून दोन वेळा चार-चार तास ओटी केली होती. कोणी जबरदस्ती केली नव्हती, गाडीचा हप्ता होता.

नवीन माणसाला एक फरक ओळखता यायला पाहिजे. कामाचा थकवा रात्री जेवून, सात तास झोपून सकाळी जातो. दुसरा थकवा सुट्टी घेऊनही जात नाही. रविवारी दिवसभर लोळलो तरी सोमवारी अंग जडच, आवडती शेवभाजी समोर असून इच्छा नाही, पोरगं जवळ आलं तरी चिडचिड, ड्युटीला निघायचं म्हटलं की पोटात गोळा. आई म्हणाली, तुले काय झालं रे, घरात असून नसल्यासारखा राहतो. मी म्हटलं काही नाही, काम जास्त आहे. असं मी सात-आठ महिने म्हणत होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मधे बर्नआउटची व्याख्या केली, त्यात तो आजार म्हणून नाही, कामाच्या जागेवरच्या न आटोपलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून धरलाय. पण थकवा आला की लगेच टेन्शनवर ढकलू नका. माझी रक्ततपासणी केली तर बी-12 कमी निघालं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर हे सगळं एकदा बघून घ्यायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या न विचारलं, दिवसा किती झोपतो? म्हटलं, चार तास, तेही तुकड्या-तुकड्याने. ते म्हणाले, मग गोळ्या अर्धंच काम करतील.

आता दिवसा झोपायचं म्हणजे काय ते खान्देशात राहणाऱ्यालाच कळतं. मे महिन्यात 44-45 पारा, पत्र्याची खोली, दुपारी लाईट गेली की भट्टीत पडल्यासारखं. मी शेवटी काय केलं, बाहेरगावच्या दोन पोरांबरोबर भाड्याने राहत होतो ती पत्र्याची खोली सोडून घरी आलो, येणं-जाणं वाढलं पण स्लॅबच्या खालची, उत्तरेकडची खोली मिळाली. खिडकीला ओलं गोणपाट, कूलर, मोबाईल दुसऱ्या खोलीत. सुटल्यावर येताना डोळ्यावर काळा चष्मा, कारण सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की शरीराला वाटतं दिवस उगवला आता उठायचं. घरच्यांना सांगून ठेवा की नाईटवाला माणूस सकाळी झोपलाय म्हणजे आळशी नाही. आमच्याकडे कोणीही पाहुणा आला की पहिला मलाच उठवायचे, ते बंद करायला वर्ष लागलं.

चहाचं पण सांगतो. रात्री 3 नंतर चहा घेतला की सकाळी झोप लागत नाही, त्यामुळे माझा शेवटचा कप 2 चा. जागं राहायला पुडी खाणारे भरपूर आहेत, गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे तरी कंपनीच्या गेटसमोर मिळतोच, पण तंबाखूने झोप उडते ती सकाळी पण उडते हे कोणी सांगत नाही. त्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं डोळे मिटून पडलेलं बरं. शिफ्ट बदलताना पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं पुढे गेलं तर शरीराला जमतं, उलट फिरलं की फार त्रास. हे आमच्या सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, चार्ट वरून येतो. तो पण बारा-बारा तास थांबणारा माणूस, त्याचा राग आमच्यावर निघायचा न आमचा घरी.

पैशाचं नीट समजून घ्या. आठवड्याला 48 तास, त्याच्या वरचं काम दुप्पट दराने, हे 1948 च्या कारखाना कायद्यापासून चालत आलंय आणि नव्या लेबर कोडमधे, म्हणजे नव्या कामगार कायद्यातही आहे. मी सुरुवातीला ज्या ठेकेदाराकडे होतो तो सिंगल दराने द्यायचा आणि मी खुशीत घ्यायचो, कारण माहीतच नव्हतं. छोट्या डायरीत रोज आत जायची न बाहेर यायची वेळ लिहा, पगारपत्रक मागून घ्या. पगारातून 0.75 टक्के कापले जातात ते ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, ते कार्ड घरात ठेवू नका, वापरा. त्यांच्या डॉक्टरने आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं आणि सहा महिन्यांच्या हिशोबात तुमचे 78 दिवस भरलेले असले तर पगाराच्या 70 टक्के पैसे मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. मी तर 4 वर्षं बिनपगारी खाडे केले. आणि डोक्यात नको ते विचार यायला लागले तर 14416 ला फोन लावायचा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्या लाईनवरच्या एकाने लावला होता, आम्हाला सहा महिन्यांनी सांगितलं.

मी ओटी आठवड्याला एकावर आणली. महिन्याला साधारण चार हजार कमी आले, गाडीच्या हप्त्याची मुदत बँकेत जाऊन वाढवून घ्यावी लागली, सहा महिने जास्त भरले. बायको आधी रुसली. मग एका रविवारी सकाळी मीच बाजारात जाऊन वांगी आणली, भाजली, भरीत केलं, तेव्हा ती म्हणाली, हप्ता राहू द्या वाढलेला.