जादूच्या वस्तूंवाचून डाव कसा रंगवावा

इंदूरला रामबागेत आमच्या घरी शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो: टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एक पात्र होऊन गोष्ट रंगवायचा हा खेळ. मागच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीत, डीएम (गोष्ट चालवणारा) मीच होतो, आणि पात्रं तिसऱ्याच लेव्हलला असताना मी खेळाडूंना जादूचा उडता झाडू देऊन बसलो. त्यानंतर नदीला उतार शोधायला नको, गढीच्या तटाला दोर लावायला नको, पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलायलाही नकोत. अडचण आली की सगळ्यांची नजर कॅरेक्टर शीटवरच्या, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावरच्या, वस्तूंच्या यादीकडे जायची. पात्रं मागे पडली होती. पुढच्या कॅम्पेनला मी बेत बदलला, तो असा.

आधी खेळाडूंशी बोला. गोष्टीत चोर घालून कष्टाने मिळवलेल्या वस्तू गुपचूप पळवू नका. विश्वास एकदा गेला की टेबलावर परत येत नाही. नवं कॅम्पेन सुरू होताना सांगितलेलं सगळ्यात बरं. चालू कॅम्पेनमध्ये असाल तर असलेल्या वस्तू राहू द्या, नव्या देणं थांबवा.

मग प्रत्येक वस्तूपुढे लिहा की ती नेमकं करते काय. काही नुसता आकडा वाढवतात, काही अडचण परस्पर सोडवून टाकतात, आणि थोड्याच वस्तूंना स्वतःची गोष्ट असते. पहिल्या दोन प्रकारांना कात्री लावायची.

आकड्यांचा हिशेब मात्र नीट करा, कारण तो खेळाच्या नियमांच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो. ३.५ आवृत्तीत विसाव्या लेव्हलच्या पात्राकडे ७,६०,००० सोन्याच्या नाण्यांचा ऐवज असावा असा तक्ताच आहे. तिथे वस्तू काढल्या आणि दुसरं काही दिलं नाही, तर पात्रं मार खातात. चौथ्या आवृत्तीत यावर सोय आहे: दुसऱ्या लेव्हलला हल्ल्यावर आणि नुकसानावर प्लस वन, म्हणजे फाशाच्या आकड्यात एकाची भर, आपोआप मिळतो, आणि पुढे दर पाच लेव्हलला तो एकाने वाढतो. पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ पासून, मॉन्स्टरांचे आकडे जादूच्या वस्तू धरून बांधलेले नाहीत, त्यामुळे तिथे बिनधास्त कमी करा.

आणि कापायचं तर चिलखतापासून सुरुवात करा. पाचव्या लेव्हलच्या, १८ स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या) फायटरचा, म्हणजे लढवय्याचा, घाव एसी १५ च्या शत्रूला वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त आले की बसतो, म्हणजे ६५ टक्के वेळा; एसी म्हणजे घाव बसायला गाठावा लागणारा आकडा. प्लस टू तलवारीने ते ७५ टक्के होतं. फरक आहे, पण डाव मोडत नाही. आता पूर्ण पोलादी चिलखत आणि ढाल घेतलेल्या पात्राचा एसी २० असतो. ओगर या राक्षसाचा हल्ला प्लस सिक्स, म्हणजे त्याला फाशावर निदान १४ यावे लागतात: वीसपैकी सात वेळा घाव बसतो. चिलखत आणि ढाल दोन्ही प्लस टू दिलीत की एसी २४, आणि ओगरचा घाव वीसपैकी तीनदाच बसतो. ओगरची भीतीच अर्ध्याहून कमी होते. मला हे उमगायला दोन वर्षं लागली.

साध्या शस्त्रांना न जुमानणारे मॉन्स्टरही तपासा. २०१४ च्या नियमांत वेअरवुल्फवर (लांडगा होणाऱ्या माणसावर) साध्या तलवारीचा घाव चालतच नाही, चांदी लागते. शस्त्राला चांदी चढवायला १०० सोन्याची नाणी. आमच्या गोष्टीतल्या शहरात मी सराफा बाजार घातला, दिवसा पेढ्या आणि रात्री खाऊगल्ली, आपल्या इंदूरच्या सराफ्यासारखाच. पैसे कमी पडले तेव्हा तिथल्या सोनाराने अट घातली की तीन रात्री माझ्या पेढीवर पहारा द्या. नुसत्या पहाऱ्यावर आमचं एक अख्खं सेशन, म्हणजे बैठक, गेलं, आणि आमच्यात खेळणारी माझी भाची अजून त्या सोनाराची चौकशी करते.

आता खरा प्रश्न बक्षिसांचा. तलवार नाही तर द्यायचं काय? याचं उत्तर इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्यासमोर वाढलेल्या माणसाला बाहेर शोधावं लागत नाही. मल्हारराव होळकर धनगराच्या घरातून सुभेदारीपर्यंत पोचले. पराक्रमाचं फळ मुलूख, सनदा आणि मान या रूपांत मिळायचं. तेच द्या. नदीच्या उतारावरचं जकातीचं नाकं द्या. जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान द्या. पडक्या गढीची सनद द्या, पण शंभर स्वार पोसायच्या अटीसकट. वतन मिळालं की रयत दारात येते, शेजारचा जहागीरदार डोळे वटारतो, वरून वसुलीचा तगादा लागतो. पुढच्या चार सेशनांची गोष्ट खेळाडू स्वतःच उभी करतात. प्लस वन ढालीने हे कधीच होत नाही.

एकदाच वापरायच्या वस्तू, औषधाची बाटली किंवा मंत्राचा कागद, चालू ठेवा. वापरली की संपते, म्हणून खेळाडू विचार करून काढतात.

उरलेल्या एकदोन वस्तूंना नाव, घराणं आणि डाग द्या. आम्ही खेळात खंडेनवमी पाळतो: त्या सेशनला प्रत्येकाने आपल्या शस्त्राची पूजा करायची आणि ते कुणाकडून आलं ते सांगायचं. भाचीच्या फायटरकडे आजीची तलवार आहे, बोनस शून्य. आठव्या लेव्हलला मी तिला एका थडग्यात प्लस वन तलवार दिली. तिने हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "मामा, ही देवळाच्या पहारेकऱ्याला देऊन टाकते. त्याच्याकडे नुसती काठी आहे."